डिग्री कळली, पण तू कशी आहेस?

स्कोलिओसिससाठी रोज व्यायाम करणाऱ्या मुलामुलींचा कणा एक्स-रेवर मोजता येतो. पण त्यांचे दिवस कसे चाललेत, हे कसं मोजायचं? त्यासाठीही एक फूटपट्टी आहे. ती कशी चालते आणि कुठे अडते, त्याविषयी.

'पोक काढून बसू नकोस, ताठ बस!' हे वाक्य ऐकलं नाही असं मराठी घरातलं पोर शोधूनही सापडणार नाही. जेवताना, अभ्यास करताना, मोबाइलवर रील्स बघताना, कुठेही. पण काही मुलामुलींची गोष्ट वेगळी असते. ती कितीही ताठ बसली तरी एक खांदा दुसऱ्यापेक्षा वरच राहतो. कमरेची एक बाजू जास्त आत जाते. युनिफॉर्मची कॉलर एकीकडे सरकते. गॅदरिंगच्या ड्रेसचं माप घेताना टेलरकाकू दोनदा टेप लावून बघतात. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, 'अगं, तुझी पाठ वाकडी दिसतेय का?' आणि तिथून सुरू होतो एक्स-रे, अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट असा प्रवास. सोबत एक नवा शब्द येतो, स्कोलिओसिस.

शब्द भारी आहे, अर्थ तसा सोपा. मागून पाहिलं तर पाठीचा कणा साधारण सरळ दिसतो. स्कोलिओसिसमध्ये तो बाजूला झुकतो, इंग्रजी 'सी' किंवा 'एस' अक्षरासारखा. शिवाय मणके जागच्या जागी थोडे फिरतातही. म्हणून कमरेतून पुढे वाकलं की पाठीची एक बाजू उंच दिसते. विल्यम ॲडम्स या इंग्लिश सर्जनने १८६५ साली या वाकण्याच्या तपासणीचं वर्णन केलं. आजही डॉक्टर सगळ्यात आधी तेच करायला सांगतात.

टीनएजमध्ये दिसणाऱ्या सगळ्यात कॉमन प्रकाराला 'ॲडोलसंट इडिओपॅथिक स्कोलिओसिस' म्हणतात. इडिओपॅथिक म्हणजे ज्याचं नेमकं कारण सापडलेलं नाही असा. या वयातल्या शंभरातल्या साधारण दोन-तीन मुलांमध्ये तो आढळतो. जड दप्तर, मोबाइल किंवा पोक काढून बसणं यामुळे तो होत नाही. ही ओळ आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही, कारण पहिला दोष बहुतेक वेळा मुलांच्या सवयींनाच दिला जातो. लहान बाक मुलगे आणि मुली दोघांमध्ये जवळपास सारखेच दिसतात. बाक वाढत जाण्याचं प्रमाण मात्र मुलींमध्ये बरंच जास्त आहे. आणि तो वाढतो कधी, तर उंची झपाट्याने वाढते तेव्हा. म्हणजे साधारण सहावी ते दहावी. आरशासमोर सगळ्यात जास्त वेळ जातो, नेमकी तीच वर्षं.

कोनाचं गणित

स्कोलिओसिस मोजायचं मुख्य माप म्हणजे 'कॉब अँगल'. जॉन कॉब या अमेरिकन सर्जनने १९४८ साली ही पद्धत मांडली. एक्स-रेमध्ये बाकाच्या वरच्या टोकाचा सगळ्यात तिरका मणका आणि खालच्या टोकाचा सगळ्यात तिरका मणका शोधायचा, दोघांवरून रेषा काढायच्या आणि त्यांच्यातला कोन मोजायचा. कंपासपेटीतला कोनमापक असला तरी जमेल, इतकं सोपं. १० अंश किंवा जास्त असेल तर स्कोलिओसिस. २५च्या आत असेल तर लक्ष ठेवायचं, अनेक ठिकाणी सोबत खास व्यायाम सुरू करतात. २५ ते ४०च्या घरात असेल आणि उंची वाढायची बाकी असेल तर ब्रेस, म्हणजे धड घट्ट धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा साचा. ४५-५०च्या पुढे ऑपरेशनचा विचार. हे टप्पे ढोबळ आहेत. वय, हाडांची वाढ, बाक कुठे आहे, हे सगळं बघून डॉक्टर ठरवतात.

हे माप उपयोगी आहे, त्यात शंका नाही. पण त्याच्या दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे तोच एक्स-रे दोन डॉक्टरांनी मोजला तर पाचेक अंशांचा फरक पडू शकतो. त्यामुळे २२चे २४ झाले म्हणून घरात सुतक धरण्याचं कारण नाही आणि २४चे २२ झाले म्हणून पेढे वाटण्याचंही नाही.

दुसरी अडचण मोठी आहे. कोन कण्याचा असतो, माणसाचा नसतो. समजा, एका मुलीचा कोन १८ आहे. कुर्त्यात कुणाला कळतही नाही. पण ती वर्गाच्या पिकनिकला जात नाही, कारण तिथे स्विमिंग आहे. दुसऱ्या मुलाचा कोन ३५ आहे आणि तो ब्रेस बाजूला ठेवून रोज कबड्डी खेळतो. एक्स-रे बघून कोण जास्त त्रासात आहे ते सांगता येईल का?

अमेरिकेतल्या आयोवामध्ये डॉ. स्टुअर्ट वाइनस्टीन आणि सहकाऱ्यांनी उपचार न घेतलेल्या ११७ जणांचा पाठपुरावा केला. निदान झाल्यावर पन्नासेक वर्षांनी ते कसे आहेत, हे त्यांनी तपासलं. हा अभ्यास २००३ साली 'जामा' या नियतकालिकात आला. दीर्घकाळच्या पाठदुखीची तक्रार त्यांच्यात ६१ टक्के जणांना होती, तर तुलनेसाठी घेतलेल्या गटात ३५ टक्के. म्हणजे दुखणं जास्त होतं. दिसण्याबद्दलची खंतही होती. तरी बहुतेक जण नोकरी, संसार, रोजची कामं नीट करत होते. 'आता हिचं पुढे कसं होणार, लग्नाचं काय' असा सूर लावणाऱ्या प्रत्येक मावशी-काकूला हा निष्कर्ष सांगायला हवा. आणि 'काही होत नाही गं, लक्ष नको देऊस' म्हणणाऱ्यांना ते ६१ टक्केसुद्धा सांगायला हवेत.

तांदळाच्या पिशव्या आणि आरसा

आता व्यायामाकडे येऊ. हे व्यायाम जिममधले नाहीत आणि शाळेच्या पीटीतलेही नाहीत. यातली सगळ्यात प्रसिद्ध पद्धत आहे 'श्रॉथ'. कातरीना श्रॉथ ही जर्मन बाई १८९४ साली ड्रेस्डेनमध्ये जन्मली. तिला स्वतःला स्कोलिओसिस होता आणि तिने ब्रेसही वापरला होता. आरशात बघत, श्वास बरगड्यांच्या दबलेल्या बाजूला नेत तिने स्वतःवर प्रयोग केले आणि १९२१ साली माइसन गावात इतरांना शिकवायला सुरुवात केली. पुढे तिची मुलगी क्रिस्टा हिने हे काम वाढवलं. आज वेगवेगळ्या देशांत अशा पद्धतींच्या शाखा आहेत. इटलीची 'सीस' ही त्यातलीच एक.

या व्यायामात काय करतात? आधी आपला बाक नेमका कुठे आणि कुठल्या दिशेला आहे ते समजून घ्यायचं. मग त्याच्या उलट दिशेला शरीर स्वतःहून न्यायचं आणि तिथेच धरून ठेवायचं. श्रॉथमध्ये झोपून व्यायाम करताना पुढे आलेल्या भागाखाली तांदूळ भरलेल्या छोट्या पिशव्या ठेवतात. भिंतीवरच्या आडव्या दांड्या, स्टूल, काठ्या आणि समोर आरसा. एका मुलीचा व्यायाम दुसरीला चालेलच असं नाही, कारण बाक वेगळा असतो. यूट्यूब बघून सुरू करायची ही गोष्ट नव्हे, ती याचसाठी.

आणि हे रोज करायचं. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात झालेल्या एका चाचणीत मुलांना आठवड्यातून एकदा थेरपिस्टसमोर आणि घरी रोज ३० ते ४५ मिनिटं व्यायाम करायला सांगितलं होतं. आपल्याकडचं वेळापत्रक आठवा. शाळा, क्लास, होमवर्क, प्रवास, आणि दहावी असेल तर विचारायलाच नको. त्यात रोज पाऊण तास, तोही मित्रमैत्रिणी खाली खेळत असताना. एवढा वेळ मागणाऱ्या उपचाराने आयुष्य बरं केलं की आणखी एक ओझं दिलं, हा प्रश्न विचारायलाच हवा. तो एक्स-रेला विचारून उपयोग नाही. तो त्या मुलीलाच विचारावा लागतो.

बावीस प्रश्नांची फूटपट्टी

यासाठी जगभर सगळ्यात जास्त वापरली जाते ती 'एसआरएस-२२' नावाची प्रश्नावली. एसआरएस म्हणजे स्कोलिओसिस रिसर्च सोसायटी, १९६६ साली स्थापन झालेली तज्ज्ञांची संघटना. प्रश्न २२ आहेत. त्यांचे पाच भाग पडतात: हालचाल आणि रोजची कामं, दुखणं, स्वतःच्या दिसण्याबद्दलची भावना, मन आणि उपचाराबद्दलचं समाधान. पहिल्या चार भागांत प्रत्येकी पाच प्रश्न, शेवटच्या भागात दोन. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण. ५ म्हणजे सगळ्यात छान.

प्रश्न अगदी साधे वाटतात. मागच्या सहा महिन्यांत किती दुखलं? कपड्यांमध्ये तू कशी दिसतेस असं तुला वाटतं? मित्रमैत्रिणींच्या तुलनेत तू कमी बाहेर जातेस का? पाठीमुळे घरात पैशांची ओढाताण होते का? आणि एक प्रश्न वाचून मी थांबलेच. त्याचा आशय असा: तुझी पाठ आत्ता जशी आहे तशीच आयुष्यभर राहिली तर तुला कसं वाटेल? हा प्रश्न तेरा वर्षांच्या मुलीला कागदावर विचारला जातो आणि ती पाचपैकी एका चौकटीत खूण करते.

मग व्यायामाने हे गुण वाढतात का? दोन चाचण्या बघू.

इटलीत मार्को मोंटिकोने आणि सहकाऱ्यांनी २५ अंशांच्या आतला बाक असलेल्या ११० मुलामुलींचे दोन गट केले. एका गटाला स्वतःचा बाक ओळखून सुधारण्याचे खास व्यायाम, दुसऱ्याला पाठीचे नेहमीचे व्यायाम. हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत हे चाललं. २०१४ साली निष्कर्ष छापून आले. पहिल्या गटाचा कोन सरासरी ५.३ अंशांनी कमी झाला, दुसऱ्याचा होता तिथेच राहिला. आणि प्रश्नावलीत पहिल्या गटाचे गुण सगळ्या भागांमध्ये पाऊण गुणाहून जास्त वाढले. पाच गुणांच्या पट्टीवर ही वाढ चांगलीच म्हणायची.

आधी उल्लेख केला ती अल्बर्टाची चाचणी ५० जणांची होती, सहा महिन्यांची. तिचे निष्कर्ष २०१५ साली आले. त्यात तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात श्रॉथ गटाचे स्वतःच्या दिसण्याबद्दलचे गुण ०.१३ने वाढले आणि व्यायाम न करणाऱ्या गटाचे ०.१७ने घसरले. आकडे किरकोळ वाटतात ना? आहेतच. पण दिशा बघा. एका गटाला आपली पाठ थोडी बरी वाटायला लागली, दुसऱ्याला थोडी वाईट.

म्हणून लगेच 'व्यायामाने स्कोलिओसिस बरा' अशी हेडलाइन करायची का? मुळीच नको. चाचण्या लहान आहेत. शिवाय गोळीच्या चाचणीत खोटी गोळी देता येते, खोटा व्यायाम कसा देणार? आपण कुठल्या गटात आहोत हे मुलांना कळतंच आणि त्याचा परिणाम उत्तरांवर होतो. ब्रेसच्या बाबतीत पुरावा जास्त भक्कम आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या 'ब्रेस्ट' या मोठ्या अमेरिकन-कॅनेडियन चाचणीत ब्रेस घालणाऱ्यांपैकी ७२ टक्के जणांचा बाक ५० अंशांच्या खाली राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांमध्ये हेच प्रमाण ४८ टक्के होतं. गंमत म्हणजे त्या चाचणीत दोन्ही गटांच्या आयुष्याच्या दर्जाच्या गुणांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. ब्रेस घातला म्हणजे आयुष्य संपलं, असं वाटणाऱ्या मुलींसाठी हे महत्त्वाचं आहे. डॉक्टरांनी ब्रेस सांगितला असेल तर 'आम्ही व्यायाम करतोय ना' म्हणून तो टाळू नका.

मापात पाप कुठे होतं?

फूटपट्टीच्याही अडचणी आहेत. पहिली अडचण छताची. बऱ्याच मुलांना सुरुवातीला फारसं दुखत नाही आणि सगळी कामं जमतात. मग पहिल्याच दिवशी पाचपैकी पाच. अल्बर्टाच्या चाचणीत हालचालींच्या भागात चारातल्या एकाहून जास्त जणांना सुरुवातीलाच पूर्ण गुण होते. पैकीच्या पैकी मिळालेल्याने पुढच्या परीक्षेत सुधारणा कशी दाखवायची? व्यायामाचा फायदा झाला तरी तो पट्टीवर दिसत नाही. इटलीतल्या संशोधकांनी 'इसिकोल' नावाची नवी प्रश्नावली तयार केली, ती याच वयाच्या मुलांना नजरेसमोर ठेवून.

दुसरी अडचण, फूटपट्टीच बदलते. सातवीत असताना 'मी छान दिसते का' याचा अर्थ वेगळा असतो, नववीत वेगळा. दोन वर्षांनी गुण घसरले तर व्यायाम फसला की मुलगी मोठी झाली? म्हणूनच चाचणीत व्यायाम न करणारा दुसरा गट हवा. तीही मुलं मोठीच होत असतात.

तिसरी, फॉर्म कोण भरतं? ओपीडीच्या बाकड्यावर आई शेजारी बसली आहे, पेन आईच्या हातात आहे, आणि 'तुला खूप उदास वाटलं का?' या प्रश्नावर आईच म्हणते, 'नाही हो, आनंदी असते ती.' गुण पाच! किंवा ज्या थेरपिस्टताई आठ महिने शिकवतायत त्याच समोर उभ्या आहेत आणि प्रश्न आहे, उपचाराने समाधानी आहेस का? कोण 'नाही' लिहिणार?

मराठीत विचारायचं झालं तर

मुळात 'क्वालिटी ऑफ लाइफ'ला मराठीत काय म्हणायचं? 'जीवनमान' म्हटलं की पगार, महागाई आणि घराचं भाडं डोळ्यांसमोर येतं. 'जीवनाची गुणवत्ता' म्हटलं की बोर्डाची गुणवत्ता यादी. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या मात्र वेगळंच सांगते. आपण ज्या संस्कृतीत, ज्या मूल्यांमध्ये जगतो तिथे आपल्या इच्छा, अपेक्षा आणि काळज्यांच्या संदर्भात आपली जागा आपल्याला स्वतःला कशी वाटते, ते म्हणजे आयुष्याचा दर्जा. शब्द आहे 'स्वतःला'. डॉक्टरांना किंवा आईला नाही.

अशी प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेण्याची एक शिस्त आहे. एकाने भाषांतर करायचं, मूळ प्रश्न न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं, दोन्ही ताडून बघायचं, मग मुलांना देऊन त्यांना काय समजलं ते विचारायचं. आता एसआरएस-२२ मधला 'या पाठीसह तू स्वतःला आकर्षक वाटतेस का' हा प्रश्न घ्या. शब्द सोपे आहेत. पण कोल्हापूरच्या आठवीतल्या मुलीला तो घरच्यांसमोर वाचायला दिला तर ती उत्तर देईल की लाजून मधला पर्याय निवडेल? मुलांना 'तू' म्हणायचं की 'तुम्ही'? बारा वर्षांच्या मुलाला 'तुम्ही' म्हटलं तर त्याला ही सरकारी फॉर्मची भाषा वाटेल. आणि नवरात्रीत चनिया-चोळी घालावीशी वाटते का, मे महिन्यात नागपूरच्या उन्हात ब्रेसखाली घाम येतो त्याचं काय, नातेवाईक पाठीवरून काही बोलतात का, हे प्रश्न परदेशी फॉर्ममध्ये कुठून येणार? ते इथल्या मुलींना विचारूनच सुचतील.

तुमच्या हातात काय आहे?

संशोधक त्यांचं काम करतील. पण तुम्ही किंवा तुमची मैत्रीण सध्या या व्यायामातून जात असाल तर काही गोष्टी आजपासून करता येतील.

दवाखान्यात प्रश्नावली दिली तर ती स्वतः भरायला मागा, शक्यतो एकट्याने. तुम्हाला खूश वाटावं म्हणून नाही, खरं काय ते कळावं म्हणून ती आहे. प्रश्नावली मिळाली नाही तर पुढच्या भेटीआधी घरीच चार ओळी लिहून न्या: दुखलं किती दिवस, व्यायाम किती दिवस झाला आणि किती दिवस बुडला, काय करायचं टाळलं, मन कसं होतं. डॉक्टर एक्स-रे बघून 'दोन अंश कमी आहे' म्हणतील तेव्हा हा कागदही पुढे करा. व्यायामाचा कंटाळा येत असेल तर तेही सांगा. वेळ कमी करता येतो, परीक्षेच्या महिन्यात आखणी बदलता येते. न सांगता सोडून देण्यापेक्षा ते कितीतरी बरं. सतत उदास वाटत असेल, बाहेर पडायचं टाळत असाल तर समुपदेशकाशी बोलणं हाही उपचाराचाच भाग आहे.

आईबाबांसाठी एकच विनंती. व्यायाम झाला का, हे तुम्ही रोज विचारताच. आठवड्यातून एकदा व्यायामाचं नाव न काढता 'कसं चाललंय?' एवढंच विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

मित्रमैत्रिणींसाठी: उसेन बोल्टला स्कोलिओसिस आहे आणि तो जगातला सगळ्यात वेगवान माणूस ठरला, हे उदाहरण तिला बहुधा आधीच दहा जणांनी ऐकवलेलं असतं. त्यापेक्षा संध्याकाळी खेळायला अर्धा तास उशिरा उतरायचं ठरवा, म्हणजे तिचा व्यायाम उरकलेला असेल. पुढच्या वेळी फॉर्ममध्ये 'मित्रमैत्रिणींपेक्षा कमी बाहेर जातेस का' हा प्रश्न आला की तिला खरंखुरं 'नाही' लिहिता येईल.